स्पीकरखालचं कडं : एका दुरुस्तीच्या नोंदी

११ जानेवारी

सकाळी ताईचा फोन. "तू करून दिलेल्या कपाटावर पांढरं कडं उमटलंय. पुसून पाहिलं, जात नाही."

गरम भांडं ठेवलं होतंस का, ओला पेला ठेवला होतास का, असं विचारून पाहिलं. "अरे, तिथे स्पीकरशिवाय काही नसतंच. तो उचलून धूळ पुसायला गेले तर खाली हे."

कपाट म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचं, दोन दारांचं, सागाचं. वरची फळी १२० सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद. मी केलेलं पाचवं की सहावं फर्निचर असेल, पण दुसऱ्याच्या घरात गेलेलं पहिलंच. लाकडाचा पोत बोटांना लागला पाहिजे या हट्टापायी लॅकर, पॉलिश काही न लावता जवसाच्या तेलाचे चार हात दिले आणि वरून मधमाश्यांच्या मेणाचा एक. शेवटचा हात १४ डिसेंबरला. २० डिसेंबरला कपाट तिच्याकडे पोचलं आणि त्याच संध्याकाळी तिने त्यावर स्पीकर मांडला. या दोन तारखा इथे लिहून ठेवतो. वहीत आधीपासून होत्याच, आज मात्र त्या जरा टोचल्या.

१३ जानेवारी

प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. फोटोत कडं फिकट वाटत होतं, पण खिडकीच्या तिरप्या उजेडात चांगलंच उठून दिसतं. बाहेरचा व्यास साडेनऊ सेंटिमीटर, कड्याची रुंदी सहा मिलिमीटर. स्पीकर उलटा केला तर बुडाला तेवढ्याच मापाची राखाडी सिलिकॉनची पट्टी. म्हणजे आरोपी जागेवरच सापडला. (कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव कुठलंही असलं तरी बुडाची पट्टी सगळ्यांची सारखीच असते.)

नख फिरवलं, कुठे अडकत नाही. म्हणजे खड्डा नाही की फुगवटा नाही. भिंग लावून पाहिल्यावर कड्यातली सागाची छिद्रं खडूची पूड भरल्यासारखी दिसतात. बाहेरची छिद्रं काळपट आणि ओलसर. कड्याच्या आतली गोल जागा बाकी फळीपेक्षा थोडी गडद आणि जास्त रेघारेघांची वाटली. तिथे तेल साचलं असावं, असं आत्ता तरी धरून चालतो.

आणि एक भानगड. कड्याच्या उजव्या बाजूला तळहाताएवढा चकचकीत पट्टा. विचारल्यावर ताई आधी गप्प बसली, मग म्हणाली, "इस्त्री फिरवली होती. सुती कापड ठेवून फिरवायची असं कुठेतरी वाचलं होतं."

वाचलेलं खोटं नव्हतं, ते दुसऱ्या रोगाचं औषध होतं. लाखेच्या पॉलिशवर किंवा लॅकरवर ओला पेला राहिला की पाण्याचा अंश वरच्या थरात अडकतो, त्यातून उजेड विखुरतो आणि पांढरं कडं दिसतं. तिथे हलकी ऊब दिली की ओल निघून जाते आणि डागही जातो. इथे लॅकर नव्हतंच, मेण होतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि इस्त्री त्याच्या कितीतरी वर जाते. मेण वितळलं, सरकलं आणि थिजताना चकचकीत झालं. गंमत अशी की इस्त्री फिरलेल्या भागात कडं खरंच फिकं झालंय. ती गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

स्पीकर पुस्तकांच्या मांडणीवर हलवला. त्या मांडणीला सनमायका आहे. फळीला काहीही लावायचं नाही, पुसायचंही नाही, असं ताईला बजावून आलो.

१४ जानेवारी

हे दुखणं नवं नाही. ९ फेब्रुवारी २०१८ ला ॲपलचा होमपॉड नावाचा स्पीकर विक्रीला आला आणि आठवड्याच्या आत परीक्षण लिहिणाऱ्यांनी तेल-मेण लावलेल्या लाकडावर पांढरी कडी दाखवली. होमपॉड अडीच किलोचा, बूड सिलिकॉनचं. कंपनीने तेव्हा दिलेला खुलासा असा : कंप शोषणारं सिलिकॉनचं बूड असलेल्या कुठल्याही स्पीकरमुळे काही लाकडी पृष्ठभागांवर सौम्य खुणा पडू शकतात, बूड आणि लाकूड यांच्यात तेलं पाझरतात म्हणून त्या पडतात आणि स्पीकर हलवला की बऱ्याचदा काही दिवसांत जातात. त्याच दिवसांत सोनोस वन या दुसऱ्या स्पीकरच्या चार पायांचे ठिपकेही लोकांना सापडले.

खुलासा बरोबर आहे, पण "पाझरतात" म्हणजे कुठून कुठे? बुडातून लाकडात, की लाकडातून बुडात? दुरुस्ती या एका प्रश्नावर अवलंबून आहे. बुडातलं काही लाकडात शिरलं असेल तर ते बाहेर काढावं लागेल. लाकडातलं तेल बुडाने ओढून घेतलं असेल तर ते परत द्यावं लागेल. दोन कामं एकमेकांच्या उलट.

१५ जानेवारी

मराठीत एक पंचाईत आहे. चिपमधलं मूलद्रव्य तेही सिलिकॉन आणि ही रबरी वस्तू तीही सिलिकॉन. इथे दुसरं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने गुंफलेल्या लांब साखळ्या, त्यांना बाजूने कार्बनचे तुरे आणि साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी टाचलेल्या. टाचल्यामुळे रबर होतं. पण सगळ्याच साखळ्या टाचल्या जात नाहीत. काही आखूड तुकडे आणि काही बंद कडी सुट्या राहतात आणि रबराच्या आत तेलासारख्या हिंडत असतात. चांगल्या कारखान्यात वस्तू साच्यातून काढल्यावर २०० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात ती हे सुटं तेल उडून जावं म्हणून. तरी थोडं उरतंच.

दुसरी गोष्ट, हे रबर आतून फार सैल असतं. उणे १२० अंशांपर्यंत त्याच्या साखळ्या वळवळत असतात. त्यामुळे बाहेरचं तेल, वास, द्रावक काहीही आत घुसू शकतं. सिलिकॉनच्या डब्याला लागलेला वास घासून जात नाही, तो याच कारणाने.

म्हणजे वाहतूक दुहेरी आहे.

सुरुवातीला माझा तर्क वेगळाच होता : जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, बुडाखाली हवा कोंडली, म्हणून तेल कच्चं राहिलं. तो आज खोडला. सिलिकॉनमधून ऑक्सिजन भलताच सहज जातो, म्हणून तर ते डोळ्यात घालायच्या लेन्समध्ये वापरतात. हवा कोंडण्याचा प्रश्नच नाही.

१७ जानेवारी

ज्यांच्याकडे रंधा धरायला शिकलो त्या काकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शेवटचा हात देऊन किती दिवसांनी नेलंस?"

"सहा दिवसांनी, काका. हाताला लागत नव्हतं."

"हाताला लागत नाही म्हणजे सुकलं. मुरलं नाही. मुरायला महिना लागतो. वर पुन्हा मेण थापलंस? मग तर आणखी."

स्पीकरबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तसा मी थोडा आशेने फोन केला होता.

१९ जानेवारी

अंदाज पुरे. चाचणी मांडली.

कपाटाच्या त्याच फळीचे उरलेले तुकडे होते, ते दहा-दहा सेंटिमीटरचे कापून सगळ्यांना २४० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला. एक कोरा ठेवला. एकाला तेलाचे तीन हात, शेवटचा आजच. एकाला तेल आणि वर मेण. एकाला लाखेचं पॉलिश : चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून. एकाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप. शिवाय रंगाचा अंदाज घ्यायला आठ महिन्यांपूर्वी तेल लावून ठेवलेली पट्टी फडताळाच्या मागे सापडली. तिच्या एका टोकाला त्या वेळीच मेण चोळलेलं होतं. ही सापडली नसती तर चाचणीला अर्थ नव्हता.

सहा दिवस तुकडे नुसते पडू देणार, म्हणजे कपाटासारखीच परिस्थिती. मग प्रत्येकावर एकाच सिलिकॉनच्या चटईतून कापलेली चकती आणि चकतीवर दोन लिटरची भरलेली बाटली. पाणी असल्यामुळे वजन आपसूक दोन किलो, ताईच्या स्पीकरइतकं. स्पीकरची थरथर यात येत नाही, ही त्रुटी मान्य.

२५ जानेवारी

बाटल्या ठेवल्या. घरातल्यांचे प्रश्न सुरू झालेत. "हे किती दिवस असंच राहणार?" दहा दिवस.

२७ जानेवारी

राहवलं नाही, मेणाच्या तुकड्यावरची चकती उचलून पाहिली. दोनच दिवसांत कडा दिसायला लागल्यात. परत जशीच्या तशी ठेवली.

४ फेब्रुवारी

दहा दिवस झाले. सगळ्या चकत्या उचलल्या.

ताजं तेल : पांढुरकी गोल खूण, कडेला जास्त. ताईच्या कपाटाची धाकटी बहीण. ताजं तेल अधिक मेण : सगळ्यांत ठसठशीत, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. आठ महिन्यांची पट्टी, नुसत्या तेलाचा भाग : काही नाही. तिरपा टॉर्च मारला, भिंग लावलं, तरी नाही. त्याच पट्टीचं मेणाचं टोक : फिकट पण आहे. लाखेवर थोडी मळकट छटा, कोरड्या फडक्याने गेली. पीयूवर धुरकट डाग, तोही पुसला गेला.

कोऱ्या तुकड्यावर डोळ्यांना काहीच दिसलं नाही आणि मी तो बाजूला ठेवणार होतो. तेवढ्यात सहज पाण्याचा थेंब टाकला. चकतीच्या बाहेर थेंब पसरला आणि अर्ध्या मिनिटात लाकडाने पिऊन टाकला. चकतीच्या जागेवर तो मण्यासारखा उभा राहिला. पाच मिनिटं तसाच. म्हणजे बुडातलं काहीतरी लाकडात गेलंय, नजरेला न दिसणारं आणि पाण्याला धुडकावणारं.

मग ताज्या तेलाच्या तुकड्यावरची चकती नाकाशी धरली. जवसाच्या तेलाचा तो उग्र, जुन्या रंगपेटीसारखा वास स्पष्ट येत होता. साबणाने धुतली, तरी येत होता. म्हणजे लाकडातलंही काहीतरी बुडात गेलंय. वजन करून पाहायचा मोह झाला, पण माझा काटा दोन दशांश स्थळांपर्यंत आणि चकती आधी तोललेली नव्हती. मूर्खपणा.

पांढरेपणाचं माझं गणित आता असं बसतं. लाकडाचा स्वतःचा अपवर्तनांक (उजेड आत शिरताना किती वळतो त्याचा आकडा) १.५३ च्या आसपास, जवसाच्या तेलाचा १.४८, हवेचा १. छिद्रांत तेल भरलेलं असलं की उजेड फारसा न अडखळता आत जातो आणि लाकूड गडद, खोल दिसतं. तेल निघून तिथे हवा आली की प्रत्येक सूक्ष्म भेगेत उजेड विखुरतो आणि पांढुरकं दिसतं. ओला दगड वाळल्यावर फिका पडतो, तसंच. म्हणजे पांढरं जे दिसतं ते साचलेलं काही नाही, ती उणीव आहे. स्पीकर हलवल्यावर कडं आपोआप का भरून येतं, तेही यातून कळतं : आजूबाजूचं न मुरलेलं तेल हळूहळू परत सरकतं.

आणि मुरलेलं तेल सरकतच नाही, म्हणून आठ महिन्यांच्या पट्टीवर खूण नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते ऑक्सिजन घेतं, वाळताना उलट वजनाने वाढतं आणि जाळीदार घट्ट थर होतं. मेणाचं तसं नाही. मेणातलं टर्पेंटाइन उडून जातं आणि मेण मेणच राहतं, वर्षानुवर्षं. त्याला मुरणं ठाऊक नाही.

थोडक्यात काका बरोबर. ताईला मी आतापर्यंत "स्पीकरने डाग पाडला" असंच सांगत होतो.

५ फेब्रुवारी

ताईकडे. स्पीकर हलवून तेवीस दिवस झालेत. कडं बरंच भरून आलंय, समोरून पाहिलं तर शोधावं लागतं, पण तिरप्या उजेडात अजून आहे. इस्त्रीचा चकचकीत पट्टा जसाच्या तसा.

आणि आतली ती गडद गोल जागा? गेली. पूर्णपणे. तिथे कोणी हात लावला नव्हता. मग उलगडलं, ते तेल नव्हतंच, सावली होती. नवा साग उजेडात रंग बदलतो, आधीच्या गडद रेघा मावळून एकसारखा सोनेरी तपकिरी होतो. खिडकीसमोरच्या फळीवर स्पीकरने गोल जागा झाकून धरली होती, तिचं वय बाकीच्या फळीपेक्षा कमी राहिलं. उजेड मिळाल्यावर तिने ते भरून काढलं. म्हणजे एका स्पीकरखाली दोन डाग होते, एकाचा रसायनाशी संबंध आणि दुसऱ्याचा निव्वळ उन्हाशी. सिलिकॉनच्या जागी लोखंड असतं तरी दुसरा पडलाच असता.

ठरवलं : फक्त कड्यापुरतं घासायचं नाही. तेवढंच घासलं तर तिथे फिकी बशी तयार होते आणि ती कड्यापेक्षा वाईट दिसते. अख्खी फळी घ्यायची. ती मागून चार स्क्रूंवर बसवलेली आहे, तेव्हा घरी घेऊन आलो. ताई म्हणाली, "बिनडोक्याचं कपाट किती दिवस ठेवायचं?" महिना-दीड महिना म्हणालो. तिने त्यावर चादर टाकली.

७ फेब्रुवारी

घासण्याआधी धुणं. मोटारी रंगवणारे सिलिकॉनला जितके घाबरतात तितके कशालाच घाबरत नाहीत, आणि त्यांचा नियम एकच : आधी पुसा, मग घासा. आधी घासलं तर पेपर ते तेल सगळीकडे नेऊन भरवतो.

टर्पेंटाइन, पांढरी सुती फडकी. फडक्याची घडी एकदा फिरवली की ती बाजू संपली, घडी उलटायची, नाहीतर फडकं म्हणजे डाग वाटत फिरणारा पोस्टमन. बाहेरून आत, कड्याच्या मध्याकडे. अकरा फडकी गेली. पहिल्या चारांवर पिवळट मेण आलं, नंतरची स्वच्छच दिसत होती, पण जे काढायचं ते दिसणारं नव्हतंच.

८ फेब्रुवारी

१८० ने सुरुवात करून २४०, मग ३२०. सगळं नसेच्या दिशेने. दोन तास. इस्त्रीच्या पट्ट्यावर पेपर सारखा चोंदत होता, वितळलेलं मेण चांगलंच आत बसलंय.

थेंबाची चाचणी. फळीवर एका ओळीत बारा थेंब टाकले. नऊ पसरले. कड्यावरचे तीन उभे राहिले, त्यांतला एक इतका गोल की त्यात खिडकी उलटी दिसत होती. पुन्हा टर्पेंटाइन, पुन्हा २४०.

९ फेब्रुवारी

दहा थेंब पसरले, दोन रेंगाळले. घाई करून तेलाचा पहिला हात दिला. चूक. कड्याच्या डाव्या चतकोरात तेल फडक्यामागे पसरलं आणि डोळ्यांदेखत मागे सरलं, मसूरएवढ्या कोरड्या गोल टिकल्या उघड्या ठेवून. रंगारी याला माशाचा डोळा म्हणतात आणि एकदा पाहिल्यावर दुसरं नाव सुचत नाही. सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण जेमतेम २१ मिलिन्यूटन प्रति मीटर, जवसाच्या तेलाचा त्याच्या दीडपट. जास्त ताणाचा द्रव कमी ताणाच्या पृष्ठावर पसरायला राजी नसतो, पाण्याचा थेंब मेणावर बसतो तसा तो आकसतो.

ओलं असतानाच पुसून काढलं. उद्या पुन्हा पहिल्यापासून.

एक जोडनोंद. फर्निचरला "झटपट चकाकी" देणारे बरेच फवारे सिलिकॉन तेलावरच चालतात. दिसायला छान. पण पुढे कधी त्या लाकडाला नवा हात द्यायची वेळ आली की हेच माशाचे डोळे. माझ्या कुठल्याही कामाजवळ तो फवारा नको.

१० फेब्रुवारी

टर्पेंटाइन तीनदा, प्रत्येक वेळी कोरी फडकी. २४०, ३२०. बाराच्या बारा थेंब पसरले. लाखेचा पातळ हात मध्ये दिला तर तो खालचं सगळं कोंडून टाकतो, हा हमखास उपाय माहीत होता, पण लाखेवर तेल मुरत नाही आणि फळी बाकी कपाटापेक्षा वेगळी दिसली असती. टाळलं.

संध्याकाळी तेल. पसरलं, आणि पसरलेलं राहिलं. पंधरा मिनिटांनी उरलेलं कोरडं पुसून घेतलं.

तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत, हे दर वेळी लिहायचं असं ठरवलंय. जवसाचं तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती अडकते आणि कुणी काडी न लावता कापड पेट घेतं. उघड्यावर एकेक मोकळं करून वाळत टाकली, कडक झाल्यावर टाकून देणार.

१३ फेब्रुवारी

दुसरा हात.

१७ फेब्रुवारी

तिसरा आणि शेवटचा. मेण नाही. काकांना कळवलं. "आता विसर तिला," म्हणाले.

२६ फेब्रुवारी

फळी विसरायची तर हाताला दुसरं काम हवं. स्पीकर आणि फळी यांच्यामध्ये काय ठेवायचं, ते पाहतोय. तेल मुरलं तरी सिलिकॉनचं सुटं तेल लाकडात जाणारच, कोऱ्या तुकड्याने ते दाखवलंय. दिसलं नाही तरी पुढच्या दुरुस्तीला ते नडणार.

फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड : पहिल्याच संध्याकाळी बाद. स्पीकरची जाड वायर एका बाजूने ओढते आणि गाण्याची थरथर त्या ओढीला मदत करते. तासाभरात स्पीकर बोटभर सरकून तिरका झाला. तेव्हा कळलं की बुडाला सिलिकॉन उगाच नसतं, ते पकडूनही ठेवतं आणि कंपही खातं. सिलिकॉनवर राग धरणं सोपं आहे, त्याच्या जागी दुसरं काय लावशील असं कुणी विचारलं तर उत्तर पटकन सुचत नाही.

काच : सिलिकॉन काचेवर सुखाने बसतं, काचेत काही शिरत नाही. पण काच लाकडावर घसरू नये म्हणून खाली पारदर्शक बटणं चिकटवतात. ती बटणं कशाची? हसायला आलं.

मऊ प्लास्टिकची चटई मुळीच नको. मऊ पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात घातलेल्या तेलकट द्रव्यांमुळे आणि ती बाहेर येऊन लॅकर नरम करतात. एका जुन्या टेबलदिव्याचे पाय माझ्या लॅकरच्या तुकड्यावर असे चिकटले होते की सोडवताना लॅकरचा पापुद्रा पायाबरोबर आला. तिथे पांढरं कडं परवडलं. काळ्या रबराची गोष्ट आणखी तिसरी. रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं झिरपून फिक्या पृष्ठभागावर पिवळे-तपकिरी डाग पाडतात आणि ते पुसून जात नाहीत. विनाइलच्या जमिनीवर रबरी पायपुसण्याखाली दिसतात, तेच.

कॉर्क : तीन मिलिमीटरची साधी शीट, मागे गोंद नसलेली. सरकत नाही. आवाजात मला फरक कळला नाही. उलट खालच्या सुरांना होणारी किंचित खुळखुळ कमी झाली असं वाटलं. वाटलं म्हणतोय, मोजलेलं नाही.

५ मार्च

कॉर्क स्पंजासारखं छिद्राछिद्राचं नाही, त्याच्या पेशी बंद असतात. तरी तेल त्यातून कधीच पार होणार नाही अशी खात्री मला नाही. म्हणून वर चकचकीत फरशीचा चौकोन, खाली चिकटवलेलं कॉर्क. सिलिकॉनची गाठ फक्त फरशीच्या काचेरी लेपाशी. रसायनाच्या दृष्टीने निर्दोष. ताईला फोटो पाठवला.

"बाथरूमची फरशी ठेवणार आहेस का माझ्या कपाटावर?"

फरशी बाद.

८ मार्च

चाचणीत पीयूवरचा डाग पुसून गेला होता, ते आठवलं. सागाच्याच तुकड्याची तेरा सेंटिमीटरची गोल चकती केली, आठ मिलिमीटर जाड, कडा गोलसर. तिला पीयूचे तीन हात आणि खाली कॉर्क. पीयूची आवड नाही, लाकडावर पारदर्शक कागद चढवल्यासारखं वाटतं. पण ही चकती मळण्यासाठीच आहे. झिजली तर दुसरी करता येईल, फळी पुन्हा करता येणार नाही.

चकतीही मुरू द्यायची. या वेळी दोन आठवडे तिच्यावर काहीच ठेवणार नाही.

२४ मार्च

शेवटच्या हाताला पस्तीस दिवस. फळी नाकाशी धरली, वास जवळपास नाही. कोपऱ्यात सिलिकॉनची चकती आणि पाण्याची बाटली, पाच दिवसांसाठी.

२९ मार्च

कोपऱ्यात खूण नाही.

३० मार्च

फळी बसवली. मागचा एक स्क्रू पहिल्या वेळीच आटा गेलेला निघाला, आगपेटीची काडी घालून घट्ट केला. ताईने हात फिरवून पाहिलं. "पहिल्यापेक्षा मऊ लागतंय." ३२० आधीच्या वेळी मी नीट मारला नव्हता, हे सांगायची गरज वाटली नाही. सहा दिवसांची गोष्ट मात्र सांगून टाकली. "म्हणजे तुझीच चूक?" "अर्धी." "इस्त्रीची अर्धी माझी का?" तिचा हिशेब बरोबर नव्हता, पण मी चालवून घेतला.

स्पीकर चकतीवर, चकती खिडकीपासून हातभर लांब. आठवड्यातून एकदा इकडेतिकडे सरकवायची, म्हणजे उन्हाची सावली एका जागी बसणार नाही.

२७ एप्रिल

चार आठवड्यांची तपासणी. चकतीच्या माथ्यावर सिलिकॉनची धुरकट छाप, फडक्याने गेली. कॉर्कखाली फळीवर काही नाही. थेंब टाकला, चकतीखाली आणि बाहेर सारखाच वागला.

निघता निघता फळीशी टॉर्च आडवा धरून पाहिलं. जुन्या कड्याच्या डाव्या चतकोरात, माशाचे डोळे उठले होते तिथे, दोन-तीन छिद्रं अजून बाकीच्यांपेक्षा पुसट आहेत. कुठे पाहायचं ते ठाऊक असेल तरच दिसतात. ताई चहा ठेवायला आत गेली होती. टॉर्च बंद केला.